सगळ्यात आधी उडायचं, सगळ्यात शेवटी उतरायचं: नौदलाची ३२१ स्क्वाड्रन

युद्धातली विमानं म्हटलं की आपल्याला बॉम्ब टाकणारीच आठवतात. आजचा एपिसोड मात्र पाण्यात पडलेल्या वैमानिकाला उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरवर.

डिसेंबर १९७१. विमानवाहू आयएनएस विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. ४ तारखेला तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. पण पडद्यामागे एक भानगड होती. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे तिचा वेग कमी. जहाज वाऱ्याला तोंड देऊन जितकं जोरात पळेल, तितकं विमानाला उडणं सोपं. म्हणजे आता मार्जिनच कमी झालं ना! कॅटापल्टनं फेकलेलं विमान उचललं नाही, तर ते जहाजाच्या पुढ्यातच पाण्यात पडणार, आणि मागून जवळपास वीस हजार टनांचं धूड येतंय.

म्हणून पहिलं विमान सुटायच्या आधीच एक हेलिकॉप्टर हवेत जायचं आणि शेवटचं विमान उतरेपर्यंत जहाजाच्या आसपास राहायचं. याला म्हणतात प्लेन गार्ड. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हॉट स्टँडबाय. काम पडलं नाही, तर उत्तमच.

हे काम ३२१ स्क्वाड्रनचं, टोपणनाव 'एंजल्स'. स्थापना १९६९ची. हेलिकॉप्टर मूळ फ्रेंच अ‍ॅल्युएट-३. बंगळुरूत एचएएलनं बनवलेलं तेच चेतक. इंजिन एकच, जागा पायलट धरून सात. म्हणजे वाचवायला जाणाराही समुद्रावर एकाच इंजिनाच्या भरवशावर!

आणि माणूस दिसायला तर हवा. आपल्या वरवंडच्या व्हिक्टोरिया तलावात पोहणाऱ्याचं नुसतं डोकं काठावरून शोधून बघा. तिथं तर लाटा उसळतायत. सापडला की वर स्थिर राहून विंचची तार सोडायची. पंख्याच्या वाऱ्यानं पाण्याचे फवारे त्याच्या तोंडावर. तारेत स्थिर वीज साठलेली असते, म्हणून ती आधी पाण्याला टेकवतात. नाहीतर दमलेल्या माणसाला वर झटका.

आता ही स्क्वाड्रन मुंबईत कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावर असते. पण हेलिकॉप्टरलाही मर्यादा आहेत. मे २०२१च्या तौक्ते वादळात पी-३०५ बार्जवर २६१ जण होते. वाऱ्यापुढं सुरुवातीला हेलिकॉप्टरचं काही चालेना. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौकांनी अंधारात, खवळलेल्या समुद्रातून माणसं ओढून घेतली. वारा जरा उतरला, तशी हेलिकॉप्टरं शोधाला लागली. बार्जवरचे १८६ जण वाचले.