वर्दीशेजारची खुर्ची

नवऱ्याने मारलं म्हणून बाई पोलीस ठाण्यात येते, तेव्हा ठाणे अंमलदाराला दोन वाटा सवयीच्या असतात. एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवून कागद तिच्या हाती द्यायचा; न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्यावर तपास होत नाही. नाहीतर ‘घरचंच आहे, मिटवून घ्या’ म्हणत तिला परत नांदायला पाठवायचं. 1983 साली भारतीय दंड संहितेत कलम 498-अ आलं, सासरचा छळ दखलपात्र गुन्हा ठरला, तरी ही दुसरी वाट बुजली नाही.

लगेच पुढच्या वर्षी, 1984 मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई बसू लागली. तिला वर्दी नाही, अटकेचा अधिकार नाही. पण बाहेरच्या संस्थेचं पत्र ज्याने चुरगाळून टाकलं असतं, तोच नवरा पोलिसांच्या आवारातून बोलावणं आलं की हजर होतो. जागेचा हा वचक तिने बाईच्या बाजूने वापरायचा, ही या कक्षाची खरी कल्पना.

आधी ती बाईचं एकटीचं ऐकते. सासू, नवरा, भाऊ बाहेर. मग नवऱ्यासह बैठक. तिथे पंचायतीसारखी तडजोड होत नाही. भाजीत मीठ कमी होतं की जास्त, यावर चर्चाच नाही. मारहाण थांबणार की नाही, एवढंच. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे समजूत काढायची ती नेहमी बाईचीच.

स्त्रीधन परत आणायचं तर सोबत पोलीस जातात. दागिने, भांडी, मुलांचे शाळेचे दाखले यादीवर टिपून ताब्यात घेतले जातात. कोर्टाची पायरी न चढता बाईला आपली चीजवस्तू मिळते.

पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी, मोफत कायदेशीर मदत यांची माहिती बाईला देणं पोलिसांवर बंधनकारक झालं. आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तरीही एखादी म्हणते, ‘गुन्हा नको, फक्त त्याला समज द्या.’ अशा वेळी कक्षातली बाई तिच्यावर रागावत नाही. ती सगळं लिहून घेते, तारखा टाकते आणि पुन्हा हात उगारला तर कुठे यायचं ते सांगते.