माळ्यावरून खाली

किन्हवलीजवळच्या आमच्या घरावर अजून मंगलोरी कौलं आहेत, म्हणून माळा वर्षातून एकदा रिकामा होतोच. मे महिन्यात शाकारणी निघते. वर चढलेला गडी फुटकी कौलं खाली देतो, शाबूत तेवढी परत रिपांवर बसवतो. एकेक कौल हललं की वर्षभराचा धुरळा, उंदरांनी ओढून नेलेला कापूस आणि नशीब असेल तर एखादा विंचू, सगळं माळ्यावर येतं. म्हणून आदल्या दिवशी माळा उतरवायचा. यंदा ते काम मी अंगावर घेतलं. मी शिडीवर, सासूबाई खाली पाटावर बसलेल्या.

मी कल्याणहून येताना डोक्यात हिशेब घालून आले होते. वर्षभर जिला हात लागला नाही ती वस्तू घराबाहेर. पहिल्यांदा हाताला लागलं ते इरलं. बांबूच्या कामट्या धुरानं काळ्या झालेल्या, पानं निम्मी झडलेली. मी वरून विचारलं, "आई, हे टाकायचं ना?"

"असू दे. कामाला येल."

मग म्हशाच्या जत्रेतली घोंगडी. पौष पौर्णिमेला म्हशाला बैलांचा बाजार भरतो तसा घोंगड्यांचाही भरतो, आणि आमच्याकडची प्रत्येक घोंगडी तिथूनच आलेली. ही कडेला कसरीनं खाल्लेली. "असू दे." भात मोजायची पायली. "असू दे." पाळणा, लग्नकार्यातली दोन पितळी पातेली, कंदील. असू दे, असू दे, असू दे. तासाभरानं माझ्या लक्षात आलं, माझा नियम इथं चालणारच नव्हता. शेतीच्या घरात निम्म्या वस्तू वर्षातून एकदाच लागतात. इरलं लागतं ती आवणी जेमतेम पंधरा दिवसांची, पायली झोडणीनंतर, पातेली कार्याला, पाळणा तर चार-पाच वर्षांनी. न वापरलेली आणि न लागणारी यांत फरक असतो, आणि तो फरक माळ्याखाली बसलेल्या बाईला ठाऊक होता.

तरी सगळंच राखण्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. एका पत्र्याच्या पेटीत नुसते स्टीलचे तांबे, पेले आणि डबे निघाले. लग्नांतले, वास्तुशांतीतले, बाराव्या-तेराव्याला वाटलेले. प्रत्येकावर सुईसारख्या यंत्रानं टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं. एका तांब्यावर 'स्मरणार्थ' मधला 'र्थ' मावला नाही म्हणून खालच्या ओळीत उतरवलेला. ही भांडी वापरात नाहीत, कारण घरात आधीच पुरेशी आहेत. दुसऱ्याला द्यावी तर वर नाव कोरलेलं. मोडीत घालावी तर ज्यांच्या नावानं ती आली ती माणसं डोळ्यांसमोर येतात. मी ती पेटी उघडली तशीच मिटली. आजवर बहुधा सगळ्यांनी हेच केलं असावं.

चूक झाली ती डब्यांत. माळ्याच्या एका कोपऱ्यात गोडेतेलाचे 15 किलोचे पत्र्याचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि प्लॅस्टिकचे कॅन एकात एक खोचून ठेवले होते. तीन कॅनना झाकणंच नव्हती. दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला, आणि रस्त्यावरून भंगारवाल्याच्या मोटारसायकलवरचा रेकॉर्ड केलेला आवाज आला. पत्रा, लोखंड, रद्दी, प्लॅस्टिक, आणि शेवटी विंचरलेले केससुद्धा! मी ते कॅन, एक गंजलेलं घमेलं आणि मेलेला रेडिओ देऊन टाकला. त्यानं ताणकाटा धरला, काटा थांबायच्या आत आकडा सांगितला. मला समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. आमच्या शहापूर तालुक्याचं हे एक न संपणारं कोडं आहे. तानसाचं पाणी इथून 1892 पासून मुंबईला जातं, पुढं वैतरणेवरची धरणं झाली, भातसा झालं. आणि मे महिन्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि विहिरीवर झुंबड उडते. ज्याच्याकडे जितकी भांडी, तितकं पाणी त्याच्या घरात. हंडे भरले, कळशी भरली, निळं पिंप भरलं, तेलाचे डबे भरले. त्या डब्यांच्या कापलेल्या तोंडांत लाकडी दांड्या ठोकलेल्या होत्या, त्या कशासाठी ते मला तेव्हा कळलं. शेजारच्या काकू झाकण नसलेल्या कॅनवर धुतलेली प्लॅस्टिकची पिशवी बांधून तो डोक्यावर नेत होत्या. सासूबाईंनी कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. बोलल्या काहीच नाहीत. मी दोन खेपा जास्त केल्या.

आता कपडे. माळ्यावरची शेवटची बोचकी कपड्यांची होती, आणि याच ठिकाणी घरात खरी वाटणी चालते. पूर्वी बोहारीण यायची, आता टेम्पोवर प्लॅस्टिकचे टब लावून येतात, जुन्या कपड्यांवर टब. सासूबाई त्यांना फक्त पँट-शर्ट देतात. साड्यांना त्या हात लावू देत नाहीत. दोन ढीग केले. एकात सुती, दुसऱ्यात बाकीच्या सगळ्या, ज्यांना घरात नुसतं 'नायलॉन' म्हणतात, मग त्या कसल्याही असोत.

नायलॉनचा ढीग शेताकडे जातो. शहापूर-मुरबाड भागात रस्त्यानं जाताना भेंडीच्या, काकडीच्या वावरांभोवती गुलाबी, पोपटी, जरीकाठी साड्या ताणलेल्या दिसतात, त्या रानडुकरांसाठी. वाऱ्यावर फडफडतात, माणसाचा वास असतो, म्हणून डुक्कर बिचकतं असं म्हणतात. माझं निरीक्षण असं की ते पहिले काही दिवस बिचकतं. पुढं साडी उन्हानं फाटते, तिची लक्तरं बांधावर अडकतात, चिखलात जातात, आणि कुजत नाहीत. सुती लुगडं मातीत मिसळून गेलं असतं. पण सुती लुगडं कुणी कुंपणाला लावतच नाही, ते विरेपर्यंत घरातच फिरतं.

त्याचं फिरणंही ठरलेलं. मध्येच विरलं तर तेवढं कापून उरलेले दोन चांगले तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाचंही जुनेर झालं की उन्हाळ्यात त्यावर कुरडया आणि पापड वाळत घालायचे, कारण नव्या कापडाचा रंग लागतो आणि जुन्याला आता लागण्याजोगा रंगच उरलेला नसतो. त्यानंतर गोधडी. गोधडीतून उरलं ते पोतेऱ्याला. पोतेऱ्यातूनही उरलं तर चुलीवरचं भांडं उतरवायला चिंधी.

सुती बोचकं घेऊन मी मुरबाड तालुक्यात गेले. किन्हवलीहून सरळगावला बाहेर पडायचं, तिथून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यानं टोकावड्याच्या अलीकडे. तिथं आमच्या आत्याबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढं, आणि गोधडी अजून त्यांच्याच हातची.

त्यांनी प्रत्येक जुनेर दाराकडे उजेडात धरलं. उजेड जाळीसारखा आला की तो भाग आत जाणार, दाट राहिला की वर. नऊवारीत काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदर सगळ्यांत शेवटी. म्हणून गोधडीच्या वरच्या अंगाला नेहमी पदर येतो, हे मला इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं. नऊवारी म्हणजे 27 फूट. चार तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट, एका माणसाला पायांवर ओढून घेण्याइतके. तरी आत्याबाईंनी फूटपट्टी घेतली नाही. "झोप बघू इथं. पाय लांब कर." मी ओटीवर आडवी झाले, त्यांनी माझ्या टाचेपुढं वीतभर जागा ठेवून कापडावर खडूची रेघ मारली.

मग अस्तर पसरलं. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली, एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर जात्याचा फुटका तुकडा, उरलेल्या दोन्हींवर दगड. एकावर एक थर घालताना त्या मधून काठाकडे तळहात फिरवत होत्या, अगदी अंगण सारवल्यासारखा. सुरकुती आत राहिली तर ती जन्मभर पाठीला टोचते, असं त्यांचं म्हणणं. आधी लांब लांब कच्चे टाके, सगळे थर जागच्या जागी धरून ठेवायला. त्यानंतर खरा धावदोरा, काठापासून सुरू होऊन चौकोनात चौकोन घेत मध्याच्या दिशेनं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. उजव्या हातानं सुईवर चार-पाच टाके एकदम भरायचे. डावा हात गोधडीखाली, सुईचं टोक आलं का ते चाचपत. त्या डाव्या हाताची तर्जनी मी पाहिली. टोकाची कातडी तळव्यासारखी जाड, तिच्यात सुईचे काळे ठिपके.

मी ढिगातली एक साडी हळूच मध्ये सरकवली होती. माझीच, जांभळी, जवळजवळ न नेसलेली. सुती नव्हती. आत्याबाईंनी ती चिमटीत धरून चोळली, आणि थरात घालूनही दाखवली. वरचा पदर तिच्यावरून घसरला, सुई शिरताना कचकचली आणि टाका ओढल्यावर कापड चुण्या पडून गोळा झालं. "ही घाम पीत नाय," त्या म्हणाल्या. "हिच्याखाली रात्री माणूस शिजतो." साडी बाहेर आली. तिचं ठिकाण बांधावर.

हे काम दुपारचंच. सकाळी शेण, सरपण, पाणी, संध्याकाळी चूल. आणि मृगाच्या आत संपवायचं, कारण 7 जूननंतर पाऊस लागला की हात चिखलात आणि कापड दमट. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेले तेव्हा गोधडी घडी घालून तयार होती. कडेला हिरव्या काठाचा गोट. मधोमध एका ठिकाणी विरलेल्या भागावर त्रिकोणी ठिगळ, लाल खणाचं. तो खण कुणाचा ते त्यांना सांगता आलं नाही, पण चाळीस वर्षं तरी डब्यात होता म्हणाल्या.

उचलली तर वाटलं त्याहून कितीतरी जड. मी बरोबर आणलेली कापडी पिशवी अपुरी पडली. आत्याबाईंनी पडवीतून खताची रिकामी गोण आणली, दोनदा धुतलेली, छपाई पुसट झालेली. गोधडी तिच्यात दाबून भरली, तोंड सुतळीनं बांधलं आणि गोण माझ्या हातात दिली.

एसटी दिसायला लागली तशी त्या फाटकापर्यंत आल्या. "गोण परत धाड हां," त्या म्हणाल्या. "सुतळी पण."