वेग दुप्पट, अंतर चौपट

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारा रस्ता निसरडा होतो. धूळ, तेल आणि पाणी यांचा पातळ थर डांबरावर साचतो. वाहन तेच, ब्रेकही तेच. परंतु ते नेहमीच्या जागी थांबत नाही. याचे कारण ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमात सापडते.

धावत्या वाहनातील गतिज ऊर्जा ते थांबताना नाहीशी होत नाही. घर्षणामुळे तिचे उष्णतेत रूपांतर होते. घर्षणाचा जोर आणि थांबेपर्यंत कापलेले अंतर यांचा गुणाकार त्या ऊर्जेइतकाच भरला पाहिजे. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सपाट रस्त्यावर घर्षणाचा जोरही वस्तुमानाच्याच प्रमाणात असतो. म्हणून वस्तुमान हिशेबातून गळते. घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने वेगाच्या वर्गास भागले की अंतर मिळते. (भरलेल्या ट्रकचे ब्रेक अधिक तापतात, हा धोका अर्थात वेगळा.)

कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरल्यास ताशी ४० कि.मी. वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून ९ मीटरांत, तर ८० कि.मी. वेगाची ३६ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ धरला, तर हीच अंतरे सुमारे १६ व ६३ मीटर होतात. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एखादा सेकंद जातोच. तेवढ्यात पहिली मोटार ११ आणि दुसरी २२ मीटर पुढे गेलेली असते.

आता ओल्या रस्त्यावर २८ मीटरांवर एखादे मूल अचानक आडवे आले असे समजू. ४० च्या वेगाची मोटार त्याच्या जेमतेम एक मीटर अलीकडे थांबेल. ८० च्या वेगाची मोटार त्याच्यापर्यंत पोहोचेल तेव्हाही तिचा वेग ताशी ७५ कि.मी.हून अधिक असेल. वेग निम्मा झाला असेल, ही सर्वसाधारण समजूत किती घातक आहे हे यावरून दिसते.

उतारावर आणखी एक भर पडते. वाहन जितके खाली येते तितकी उंचीमुळे साठलेली स्थितिज ऊर्जाही घर्षणालाच जिरवावी लागते. पंधरा मीटरांस एक मीटर उतार असेल, तर ४० च्या वेगासाठी १६ मीटरांचे १९ मीटर होतात. घाट उतरताना वाहन खालच्या गिअरमध्ये ठेवल्यास या ऊर्जेचा काही भाग इंजिनाच्या रोधात खर्ची पडतो आणि ब्रेक थंड राहतात.