बाळंतिणीची छाती धडधडते? नाडी मोजा

बाळंतपणानंतर छाती धडधडू लागली की घरात म्हणतात, ‘अशक्तपणा आहे.’ कोणी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते. त्यात दिवस जातात आणि खरे दुखणे वाढते.

मैत्रिणींनो, आधी नाडी मोजा. बाळंतीण दहा मिनिटे स्वस्थ बसली की तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. ६० ते १०० ठीक. जिना चढून, पाणी भरून वाढलेले ठोके बसल्यावर उतरतात. बसूनही १०० च्या वरच राहिले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कारणे अनेक: अंगात रक्त कमी, अंगावरून जास्त जाणे, जंतुसंसर्गाचा ताप, पाणी कमी पिणे, थायरॉईड. बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत क्वचित हृदयाचा स्नायूही कमजोर होतो. रक्तवाढीच्या गोळ्या सहा महिने सोडू नका.

ठोके १२० च्या वर, दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर, एकाच पायाला सूज किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, यातले एकही दिसले तर लगेच १०८ ला फोन करा. सव्वा महिना व्हायची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात ४२ दिवसांपर्यंत बाळंतिणीचे उपचार मोफत आहेत.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळण्यात देशाचे हित आहे, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा घरातल्या पुरुषांनो, पाण्याचा हंडा आता तुम्ही उचला.

जयभीम!