ड्रायरच्या नळीतील रुई : दुर्लक्षित धोका आणि नवा रोजगार

कापसाच्या धंद्यात ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. गाठीत दाबून बांधलेली रुई पेटली तरी आत सावकाश धुमसत राहते. तीच रुई पिंजून मोकळी केली, की एका ठिणगीने भडकते. दिव्याची वात आपण कापसाची करतो ती उगीच नाही. कपडे वाळविण्याच्या यंत्रात, म्हणजे ड्रायरमध्ये, हीच मोकळी रुई प्रत्येक फेरीला तयार होते. तिचा काही भाग जाळीत अडकतो आणि उरलेला गरम हवेबरोबर भिंतीबाहेर जाणाऱ्या नळीत शिरतो. जाळी डोळ्यांसमोर असते म्हणून ती कोणीतरी झटकतो. नळी मात्र कोणीच पाहत नाही. आजचा लेख त्या नळीविषयी आहे.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील मूळचे शेतीचे गाव. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क येथे आकाराला येऊ लागले आणि गावाचा चेहरा बदलला. तरीही शेती संपलेली नाही. माण, मारुंजी, नेरे या बाजूंना गेले की एकीकडे उंच इमारती आणि दुसरीकडे भाताची खाचरे व उसाचे फड दिसतात. बाहेरगावच्या नोकरदारांमुळे वसतिगृहे, पेइंग गेस्टच्या खोल्या आणि लॉन्ड्र्या वाढल्या. मुळशीचा पाऊस तर सर्वांना माहीत आहे. चार महिने दोरीवरचा कपडा वाळत नाही. त्यामुळे ड्रायर ही आता केवळ परदेशातील वस्तू राहिलेली नाही.

आपल्याकडे कोणता ड्रायर आहे?

पुष्कळ घरांत सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या टबाला ‘ड्रायर’ म्हणतात. तो खरा ड्रायर नव्हे. तो कपडे गरगर फिरवून पाणी काढतो, उष्णता देत नाही. त्याला नळी नसते आणि हा लेख त्याला लागू नाही.

खऱ्या ड्रायरचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात गरम दमट हवा नळीतून बाहेर सोडली जाते. लॉन्ड्री, हॉटेल, रुग्णालय येथील मोठी यंत्रे बहुधा या प्रकारची असतात आणि काही घरांतही ती आहेत. दुसऱ्यात, म्हणजे कंडेन्सर प्रकारात, वाफेचे पाणी करून ते टाकीत किंवा मोरीत सोडतात. तिसरा हीट पंपाचा. तो कमी तापमानावर चालतो आणि वीज कमी खातो. शेवटच्या दोघांना बाहेरची नळी नसते, पण त्यांच्या जाळ्यांत आणि कंडेन्सरच्या पात्यांत रुई साचतेच. यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे तीही काढावी लागते. कपडे धुणारे व वाळविणारे एकत्रित यंत्र असेल तर आपले कोणत्या प्रकारचे आहे, हे विक्रेत्याकडून विचारून घ्यावे.

रुई येते कोठून?

उर्दूत ज्याला आम्ही ‘रुआँ’ म्हणतो, ती कपड्यावरची बारीक लव. सुती धाग्यात लांब तंतूंबरोबर आखूड तंतूही असतात. कोम्ब्ड सुतात हे आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, म्हणून तो कपडा कमी झडतो. साध्या कार्डेड सुताचा कपडा जास्त झडतो. सर्वांत जास्त झडतो तो टॉवेल, कारण त्याच्या अंगावर सुताची उभी वळीच असतात. नवा टॉवेल पहिल्या काही धुण्यांत तर विशेषच झडतो. त्यामुळे ज्या लॉन्ड्रीत वसतिगृहाचे किंवा हॉटेलचे टॉवेल आणि चादरी येतात, तिथली नळी शर्ट-पँट धुणाऱ्या घरापेक्षा फार लवकर भरते. हा हिशेब कापडवाल्याला सहज कळतो. लॉन्ड्रीवाल्यानेही तो समजून घ्यावा.

आता पाण्याचा हिशेब पाहा. पाच किलो सुती कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत साधारण दोन ते अडीच लिटर पाणी उरते. ते सगळे वाफ होऊन नळीतून जाते. नळी थंड असली की आतल्या बाजूला ओल धरते आणि त्या ओलीवर रुई चिकटते. पुढच्या फेरीला त्यावर आणखी एक थर बसतो. नळी अरुंद होत गेली की हवा कोंडते, कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतो, वीज जास्त जळते आणि यंत्र आतून तापते. तापलेल्या भागाजवळ मोकळी रुई असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

हे केवळ भीतीपोटी लिहिलेले नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातील अंदाजानुसार तिथे घरगुती ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत होत्या. त्यांत वर्षाला सरासरी ५ मृत्यू, १०० जण जखमी आणि साडेतीन कोटी डॉलरचे नुकसान होत होते. कारणांत पहिला क्रमांक होता वेळेवर सफाई न करण्याचा. त्याचा वाटा ३४ टक्के होता. ब्रिटनमध्ये २०१५ साली व्हर्लपूल कंपनीला हॉटपॉइंट, इंडेसिट वगैरे नावांच्या लाखो ड्रायरबाबत इशारा द्यावा लागला. यंत्राच्या आत साचलेली जादा रुई तापणाऱ्या भागाला लागून पेटू शकत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका बहुमजली इमारतीला अशाच एका ड्रायरमुळे आग लागली. पुढे २०१९ मध्ये उरलेली यंत्रे परत मागविण्यात आली.

सुती माल किती झपाट्याने पेटतो, हे आपल्या महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण मृत्युमुखी पडले. ती आग ड्रायरच्या नळीची नव्हती. पण कापसाला आगीपासून किती जपावे लागते, हे त्या घटनेने पुन्हा एकदा सांगितले.

शेताजवळच्या घरात वेगळे काय?

शहरातील नळीत रुई आणि ओल असते. शेताजवळ त्यात आणखी चार गोष्टी मिसळतात.

पहिली धूळ. भाताची झोडणी, मळणी, नांगरट आणि कच्च्या रस्त्यावरचे ट्रॅक्टर यांची धूळ, तूस आणि भुसा बाहेरच्या तोंडातून आत जातो. ओलीमुळे त्याचा गिलावा बनतो आणि साध्या झटकण्याने तो निघत नाही.

दुसरी जीवजंतूंची वस्ती. बंद असलेल्या उबदार नळीत पाकोळी, साळुंकी, उंदीर घरटे करतात. कुंभारमाशी चिखलाने तोंड लिंपून टाकते. उन्हाळाभर ड्रायर बंद असतो आणि पहिल्या पावसात एकदम सुरू होतो. धोका त्या पहिल्या दिवशी सर्वाधिक असतो.

तिसरी पाचट. कासारसाई-दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात उसाची लागवड आहे. तोडणीनंतर काही ठिकाणी पाचट पेटवतात आणि जळती काजळी वाऱ्याबरोबर दूर जाते. नळीचे तोंड उघडे आणि रुईने भरलेले असेल तर हा योग बरा नव्हे.

चौथी कपडे. डिझेल, ग्रीस किंवा खाद्यतेल लागलेली फडकी धुतली तरी त्यांत तेलाचा अंश राहतो. गरम अवस्थेत ती ढिगाने पडली तर आतल्या आत तापून पेटू शकतात. असे कपडे ड्रायरमध्ये घालूच नयेत. कीटकनाशक फवारणीचे कपडेही वेगळे धुवून उन्हात दोरीवरच वाळवावेत.

यात वीज जाण्याचा त्रासही धरला पाहिजे. ड्रायर शेवटची काही मिनिटे थंड हवेवर फिरतो तो कपडे निवावेत म्हणून. मध्येच वीज गेली तर गरम कपडे ड्रममध्ये तसेच दाबून पडतात. अशा वेळी वाट पाहत बसू नये. यंत्राचे बटण बंद करावे, दार उघडावे आणि कपडे बाहेर काढून मोकळे पसरावेत. मात्र आतून धूर किंवा जळका वास येत असेल तर दार उघडू नये. मेन स्विच बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे.

नळी कशी असावी?

नळी गुळगुळीत पत्र्याची, जीआय किंवा ॲल्युमिनियमची असावी. प्लास्टिकची किंवा फॉइलची सुरळीदार नळी स्वस्त पडते, पण तिच्या प्रत्येक घडीत रुई अडकते आणि प्लास्टिक तर स्वतःच पेटते. सांधे धातूच्या टेपने जोडावेत. आत टोक येईल असा स्क्रू मारू नये, कारण त्या टोकाला रुईचा पेळू गुंडाळला जातो.

घरगुती ड्रायरसाठी अमेरिकेतील बांधकाम संहितेत ४ इंच व्यासाची नळी आणि जास्तीत जास्त ३५ फूट लांबी धरली आहे. प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातून ५ फूट वजा करतात. म्हणजे नळी २२ फुटांची आणि वळणे तीन असतील तर हिशेबाने ती ३७ फुटांची झाली. ती मर्यादेबाहेर गेली. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा.

बाहेरच्या तोंडाला हवेने उघडणारी आणि एरवी बंद राहणारी झडप हवी. उंदरांसाठी म्हणून काही जण बारीक जाळी ठोकतात. ती महिन्याभरात रुईने लिंपली जाते. तोंड खिडकीपासून, गवताच्या गंजीपासून आणि सरपणापासून दूर असावे. नळी माळ्यावर किंवा छताच्या पोकळीत सोडून देणे तर सर्वथा चूक. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरची नळी तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू खोलीत पसरतो. तिथे हयगयीला जागाच नाही.

सफाई कशी करावी?

आधी प्लग काढावा, गॅस असेल तर झडप बंद करावी. यंत्र पुढे ओढून नळी सोडवावी. लवचिक दांड्यांचा गोल ब्रश एका बाजूने फिरवीत न्यावा आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम लावावा. दांड्या एकाच दिशेने फिरवाव्यात, नाहीतर त्यांचे आटे आत सुटतात. नंतर जाळीची खाच, ड्रमखालची बाजू आणि बाहेरची झडप साफ करावी. पक्ष्याचे घरटे निघाले आणि त्यात अंडी-पिल्ले असतील तर ती उडून जाईपर्यंत ड्रायर बंद ठेवावा. वाळलेल्या विष्ठेची धूळ घातक असते, म्हणून मास्क व हातमोजे घालावेत. शेवटी यंत्र सुरू करून बाहेर झडप पूर्ण उघडते का, ते पाहावे.

थर्मल फ्यूज वारंवार उडत असेल तर तो तारेने जोडून यंत्र चालू करून देणारे कारागीर भेटतात. ग्राहकाने ते होऊ देऊ नये. फ्यूज उडतो तो हवा कोंडल्याचे सांगण्यासाठी. सांगणाऱ्याचे तोंड बंद केल्याने धोका टळत नाही.

जाळी प्रत्येक फेरीनंतर झटकावी. घरची नळी वर्षातून एकदा तरी साफ व्हावी. शेताजवळच्या घरांना आमचा सल्ला दोनदा करण्याचा आहे. एकदा मे अखेर, पावसापूर्वी. दुसऱ्यांदा भाताची मळणी उरकल्यावर. टॉवेल-चादरींची लॉन्ड्री असेल तर रुईचा कप्पा रोज साफ व्हावा आणि नळी दरमहा उघडून पाहावी. कपडे दोन फेऱ्यांत वाळू लागले, यंत्राचा माथा चटका देऊ लागला, जळका वास आला किंवा भिंतीला ओल दिसली, तर तारखेची वाट पाहू नये.

रोजगार म्हणून

या कामाला दुकान लागत नाही. ब्रश-दांड्या, चांगला व्हॅक्यूम, हवेचा वेग मोजणारे छोटे यंत्र, धातूची टेप, शिडी आणि दुचाकी एवढ्यावर सुरुवात होते. एसी दुरुस्तीचे काम येणाऱ्या तरुणाला हा हुन्नर लवकर साधेल. पाऊस सुरू झाला की एसीचे काम ओसरते, त्याच सुमारास हे काम वाढते. दर नळीची लांबी, वळणे आणि उंची पाहून आधी लेखी सांगावा. वसतिगृहे व लॉन्ड्र्यांशी वार्षिक करार करावा आणि यंत्रावर सफाईच्या तारखेचे कार्ड चिकटवावे. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखालील अग्निसुरक्षेचे दाखले परवानाधारक संस्थाच देतात. नळी साफ करणाऱ्याने तशी बतावणी करू नये. आणि ज्या घरी सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, तिथे भीती घालून पैसे घेऊ नयेत. ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे जो कारागीर सांगतो, त्यालाच लोक पुढच्या वेळी शेजाऱ्याचा पत्ता देतात. निघालेली रुई ग्राहकासमोर वर्तमानपत्रावर ठेवावी. कापडाच्या धंद्यात आम्ही गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडून दाखवितो. या धंद्यातही दाखविण्यासारखा माल तोच आहे.