बोल्ट फिरतो, पण सुटत नाही
मोटारीचे सांधे : लेखांक ९

मागील लेखांकात गंजामुळे जागचा न हलणाऱ्या बोल्टचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय त्याच्या उलट दिसणारा, पण हाताळायला त्याहून अवघड असा बोल्ट आहे: पाना लावताच तो फिरतो, फिरतच राहतो आणि तसूभरही बाहेर येत नाही. गॅरेजमध्ये अशा वेळी ‘बोल्ट फ्री फिरतोय’ असे म्हणतात. परंतु तो मोकळा झालेला नसतो, तर बहुतेक वेळा एका जोडीदाराला घट्ट चिकटून दुसऱ्यापासून तुटलेला असतो, आणि नेमके कोण कोणापासून तुटले हे कळल्याखेरीज लावलेला जोर वायाच जातो.

बोल्टच्या दांड्यावरील आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला एक उतार होय. लगतच्या दोन आट्यांमधील अंतराला ‘पिच’ म्हणतात. १२ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे एम-१२ या मापाच्या, जाड आट्यांच्या प्रमाण बोल्टमध्ये ते १.७५ मिलिमीटर असते, त्यामुळे नट स्थिर असेल तर प्रत्येक फेऱ्याला बोल्ट तेवढाच सरकतो. या उताराचा कोन जेमतेम ३ अंश भरतो, आणि पोलादावरून पोलाद आपोआप घसरू लागण्यासाठी मात्र साधारणपणे ८ अंशांहून अधिक उतार लागतो. म्हणूनच आवळलेला बोल्ट केवळ ताणामुळे उलटा फिरत नाही. आवळताना पान्यावर लावलेल्या श्रमांपैकी ढोबळमानाने ५० टक्के बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि ४० टक्के आट्यांमधील घर्षणात खर्च होतात, तर बोल्टला ताणून सांधा घट्ट करण्याच्या कामी उरलेले १० टक्केच येतात. घर्षणाचा हा मोठा वाटा सांध्याचे रक्षण करतो, पण सांधा खोलताना तोच आड येतो. नटला जागी धरून ठेवणारी एक पकड असते आणि नटला बोल्टशी बांधणारी दुसरी. गंज, धूळ किंवा घसपटलेले आटे यांमुळे दुसरी पकड पहिलीपेक्षा बलवान झाली की नट बोल्टसोबत गरगर फिरू लागतो.

याचे सर्वांत त्रासदायक उदाहरण गाडीच्या सांगाड्यात आढळते. चाकाला आधार देणारा खालचा आर्म किंवा इंजिनाखालची सबफ्रेम ज्या बोल्टांनी बसवलेली असते, त्यांपैकी अनेकांचे नट पत्र्याच्या बंद, पेटीसारख्या पोकळीत आतून वेल्डिंगने डकवलेले असतात, कारण कारखान्यात जोडणी करताना तिथे पाना घालायला जागाच नसते. अशा नटला धरून ठेवणारे वेल्डिंग तीन-चार ठिपक्यांपुरतेच असते. पोकळीत शिरलेला चिखल आणि ओल तिथे दीर्घकाळ टिकते, आणि कोकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशात गंज अधिकच वेगाने चढतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापणारा पदार्थ असल्याने आट्यांमधील सूक्ष्म फटींत तो पाचरीसारखा ठासून बसतो. एकीकडे नट आणि बोल्ट जणू एकजीव होतात, तर दुसरीकडे त्याच गंजाने वेल्डिंगचे ठिपके पोखरले जातात. अशा स्थितीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या इम्पॅक्ट गनचे दणके दिले की आटे सुटण्याआधी वेल्डिंग तुटते. बोल्ट पहिल्या दणक्याला जुमानत नसेल, तर गन बाजूला ठेवून लांब दांड्याच्या पान्याने सावकाश मागेपुढे हालवणे आणि अधूनमधून गंज सोडवणारे तेल पाजणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. घाई करणाऱ्या गॅरेजमध्ये वाचलेली दहा मिनिटे पुढे अर्धा दिवस खातात.

निदानासाठी बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर रंगाची एकच रेघ ओढावी आणि दहा फेरे मोजून फिरवावेत. नट जागेवर असेल तर एम-१२ बोल्ट साडेसतरा मिलिमीटर बाहेर यायला हवा. तो जराही उचलला गेला नाही आणि पोकळीतून खरखर ऐकू आली, तर नट सोबत फिरत आहे असे समजावे. डोके बोटांनी हलत असेल आणि फिरवताना विरोधच जाणवत नसेल, तर आटे झिजून गेले आहेत.

नट फिरत असल्यास त्याला रोखणे हेच काम उरते. पहिला उपाय सौम्य आहे: बोल्टचे डोके आणि खालचा भाग यांच्यामध्ये छिन्नी किंवा पहार घालून डोके बाहेरच्या दिशेला ताणून धरायचे, म्हणजे आतला नट पत्र्यावर दाबला जातो आणि त्या दाबामुळे निर्माण झालेले घर्षण कधीकधी त्याला थोपवायला पुरेसे ठरते. ते न जमल्यास पोकळीला कारखान्याने ठेवलेले एखादे छिद्र जवळ आहे का ते पाहून त्यातून पाना किंवा ग्रिप पक्कड आत घालावी. तसे छिद्र नसेल तर पत्र्यात खिडकी कापावी लागते. ही पेटी गाडीचे वजन आणि रस्त्याचे धक्के पेलणारी असल्याने खिडकी शक्य तेवढी लहान, गोलसर कोपऱ्यांची आणि कडेच्या घडीपासून दूर असावी, आणि काम झाल्यावर ती वेल्डिंगने बंद करून आत गंजरोधक मेण फवारावे. गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा प्रघात इथे जपून पाळावा लागतो. नट तापला तर त्याचे छिद्र मोठे होते हे खरे, तरी १० मिलिमीटर व्यासाचे छिद्र २०० अंश सेल्सिअसने तापवूनही केवळ पाव शतांश सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.०२४ मिलिमीटर रुंदावते. शिवाय नट पोकळीत दडलेला असल्याने ज्योत आधी बोल्टलाच पोहोचते आणि तो फुगून अधिकच आवळला जातो. पोकळीतील मेण, रबरी बुश आणि जवळून गेलेली पेट्रोलची नळी यांचा धोका वेगळाच. सर्व उपाय थकले तर ग्राइंडरने डोके कापून सांधा मोकळा करावा.

चेंडूसारख्या सांध्याच्या स्टडमध्ये, म्हणजे आटे असलेल्या दांड्यामध्ये, दोष वेगळ्या ठिकाणी असतो. स्टॅबिलायझर लिंकच्या टोकाला असलेला गोळा आपल्या कपात फिरण्यासाठीच बनवलेला असल्याने त्याचा स्टड नटसोबत फिरतो, आणि नायलॉनचे कडे बसवलेला, आपोआप न सुटणारा नट असेल तर हमखास फिरतो. म्हणूनच अनेक लिंकच्या स्टडच्या टोकात षटकोनी किंवा ताऱ्याच्या आकाराचा खड्डा असतो. त्यात ॲलन की धरून बाहेरून रिंग पान्याने नट फिरवायचा. खड्ड्यात गंज साचलेला असतो आणि तो सुईने नीट साफ केल्याशिवाय की घातल्यास खड्ड्याचे कोपरे जातात. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा स्टड मात्र निमुळता असून तो तशाच निमुळत्या भोकात रुततो. तो फिरू लागला तर टाय रॉडच्या टोकाखाली जॅक लावून स्टड भोकात दाबावा, म्हणजे निमुळता भाग पुन्हा पकड घेतो. अर्थात त्या वेळी गाडीचे वजन जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडवर असले पाहिजे.

आटेच गेलेले असतील, विशेषतः इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या भागात, तर डोके पक्कडीने बाहेर ओढत फिरवल्यास उरलेल्या आट्यांचा आधार मिळून बोल्ट निघतो. नंतर छिद्र मोठे करून, टॅपने नवे आटे पाडून त्यात पोलादी तारेच्या वेटोळ्यांचे अस्तर बसवतात. मूळ मापाचाच बोल्ट मग त्यात बसतो आणि मऊ धातूतील मूळ आट्यांपेक्षा ही दुरुस्ती बहुधा अधिक टिकते.

पोकळीतील तुटलेल्या नटच्या जागी नवा नट वेल्ड केल्यावर त्याच्या आट्यांतून एकदा टॅप फिरवून ठिणग्यांचे कण काढावेत आणि नवा बोल्ट पाच-सहा फेरे हातानेच बसवावा. तिरपा लागलेला बोल्ट हाताला लगेच जाणवतो, इम्पॅक्ट गनला जाणवत नाही.