तिथी बघून गाठायचा समुद्र

जामनगरला उतरलेले बहुतेक मराठी प्रवासी लगेच द्वारकेची गाडी धरतात. याच रस्त्यावरून वाडीनारकडे फाटा फुटतो आणि तिथून पुढे आहे नरारा. कच्छच्या आखातात १९८२ साली जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. इथं प्रवाळ बघायला पाण्यात बुडी मारावी लागत नाही, पोहता यायचीही गरज नाही. समुद्रच मागे सरतो आणि माणसं त्याच्या तळावरून चालत जातात.

मात्र त्याची वेळ समुद्र ठरवतो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाची भरती जितकी चढते, तितकीच ओहोटीही खोल जाते. म्हणून हॉटेलच्या आधी पंचांग बघावं आणि ओहोटीची नेमकी वेळ वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्यावी. भरतीच्या वेळी पोचलेल्याला तिवरं आणि गढूळ पाणी यापलीकडे फारसं काही दिसत नाही.

ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत बाजार भरलेला असतो. लांबट बाहू हलवत बसलेली समुद्रफुलं, काकडीच्या आकाराचे समुद्रकाकडी नावाचे प्राणी, दगडाखाली तिरके पळणारे खेकडे. ऑक्टोपस शोधायला वाटाड्याच लागतो. बोट दाखवूनही तो आधी दगडच वाटतो, मग हलतो आणि बघता बघता रंग पालटतो. पफर मासा भ्याला की पाणी गिळून टम्म फुगतो. फोटोपायी त्याला पाण्याबाहेर काढून फुगवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं, तेव्हा वाटाड्यानं हौसेनं उचलून दिला तरी नको म्हणावं. पायात घट्ट बूट हवेत, ते भिजणारच.

हे सगळं टिकलंय तेही नवलच. एके काळी सिमेंटसाठी इथली प्रवाळाची वाळू उपसली जायची. आज वाडीनारच्या समुद्रात तेलवाहू जहाजं रिकामी होतात आणि कच्चं तेल पाइपांतून किनाऱ्यावर येतं.

जामनगरपासून जवळच खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून संस्थानकाळात इथं बांध घातला गेला. त्याच्या एका अंगाला गोडं पाणी साचलं, दुसऱ्या अंगाला खाजण आणि मिठागरं राहिली. दोन्हीकडचे पक्षी एकाच फेरीत दिसतात. हिवाळ्यात रोहित आणि करकोचे हमखास.

किनाऱ्यावरच्या बालाचडीचा मात्र पक्ष्यांशी संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेल्या शेकडो पोलिश मुलांना इथले संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये इथं आसरा दिला. आज त्या परिसरात सैनिकी शाळा आहे. १९४६ मध्ये या मुलांची छावणी बंद झाल्यावर त्यांतली बरीच थेट कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आली. महाराष्ट्राशी एवढा जवळचा धागा असूनही आपल्या सहलींच्या यादीत बालाचडी क्वचितच दिसतं.

जामनगर शहरात संध्याकाळ घालवायला तलावातला लाखोटा किल्ला आहे. काठावरच्या बाला हनुमान मंदिरात १ ऑगस्ट १९६४ पासून रामधून अखंड चालू आहे. रात्री उशिरा गेलं तरी कुणी ना कुणी गात असतंच, त्यामुळे त्यासाठी ओहोटीची वेळ मोडायचं कारण नाही.